रंग दिला, पण बसला का?

ऑनलाइन मल्टिप्लेयर गेममध्ये खेळाडूची ओळख सर्वांत आधी पटते ती त्याच्या पोशाखावरून. पात्राचा चेहरा स्क्रीनवर जेमतेम नखाएवढा दिसतो, डोक्यावरचं नाव वाचायला जवळ जावं लागतं. पण चौकात शंभर जण उभे असले तरी हिरवा झगा आणि पिवळे हातमोजे लांबूनही नजरेत भरतात. म्हणून पोशाखाचे रंग हवे तसे बदलता यावेत ही मागणी अशा गेममध्ये कधीच मागे पडत नाही. कॅलिफोर्नियातल्या क्रिप्टिक स्टुडिओजने एप्रिल २००४ मध्ये ‘सिटी ऑफ हीरोज’ हा गेम आणला. त्यात प्रत्येकाने आपला सुपरहीरो स्वतः घडवायचा होता. मुखवटा, अंगाला घट्ट बसणारा सूट, पट्टा, हातमोजे, बूट असा एकेक भाग निवडायचा आणि प्रत्येक भागाला दोन रंग द्यायचे. लढाईला सुरुवात करण्याआधी लोक तासन्‌तास याच पडद्यावर रमत. रंग निवडायला ठरावीक चौकोनांची एक जाळी होती, आणि त्या चौकोनांकडे पाहून खेळाडूच्या मनात पहिली मागणी येते ती ‘आणखी रंग द्या’ अशी. ही मागणी समजण्यासारखी आहे, पण ती नेमक्या दुखण्यावर बोट ठेवत नाही. पोशाखाचा रंग मनासारखा होत नाही याचं कारण बहुतेक वेळा रंगांचा तुटवडा हे नसतं. निवडलेला रंग त्या कापडावर, त्या जागी, त्या उजेडात अपेक्षेप्रमाणे उतरत नाही, हे असतं. सुधारणा करायची असेल तर ती तिथे व्हायला हवी.

हे पटायला रंग चढतो कसा ते आधी पाहावं लागेल. त्रिमितीय पात्राच्या अंगावरचा अंगरखा म्हणजे त्याच्या आकारावर गुंडाळलेलं एक सपाट चित्र. चुण्या, शिवण, झिजलेल्या कडा, चामड्याच्या सुरकुत्या हे सगळं चित्रकाराने त्या चित्रातच रंगवलेलं असतं. गेम बनवणारे त्याला टेक्श्चर म्हणतात. खेळाडू रंग निवडतो तेव्हा ग्राफिक्स कार्ड सर्वांत साध्या पद्धतीत त्या चित्राच्या प्रत्येक बिंदूला निवडलेल्या रंगाने गुणतं. लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांना शून्य ते एक अशी किंमत असते आणि गुणाकार घटकाला घटक असा होतो. समजा, मूळ चामडं तपकिरी आहे: ०.६, ०.४५, ०.३. खेळाडूने शुद्ध पांढरा निवडला, म्हणजे १, १, १. उत्तर येतं पुन्हा ०.६, ०.४५, ०.३. पांढरा देऊनही चामडं होतं तसं तपकिरीच राहिलं. त्याच चामड्याला ठळक निळा दिला, ०.२, ०.३, ०.९, तर हाती लागतं ०.१२, ०.१३५, ०.२७, म्हणजे एक मळकट, काळपट निळा. एकापेक्षा लहान संख्यांनी गुणत गेलं की उत्तर लहानच होत जातं. त्यामुळे या पद्धतीत रंग गडद करता येतो, उजळ करता येत नाही. यावर रूढ उपाय असा की रंगवायचा भाग मुळातच फिकट राखाडी ठेवायचा. पण मग काळ्याची पंचाईत होते. चुणीचा खोलगट भाग ०.४ आणि उंचवटा ०.९ असेल आणि त्यांना ०.०२ इतक्या गडद काळ्याने गुणलं, तर उरतात ०.००८ आणि ०.०१८. एवढा फरक स्क्रीनवर डोळ्याला कळत नाही. चुण्या नाहीशा होतात आणि झगा म्हणजे एक सपाट काळी आकृती होऊन बसते. ते टाळायला डिझायनर काळ्याच्या चौकोनात कोळशासारखा राखाडी ठेवतात, आणि खेळाडू म्हणतो की काळा काही काळा दिसत नाही. दोघांचंही बरोबर असतं. चूक गुणाकारावर विसंबण्याची असते. पेटीत आणखी हजार रंग घातले तरी ते याच गुणाकारातून जाणार, आणि त्यांची हीच गत होणार.

गंमत म्हणजे या अडचणीवरचा चांगला उपाय फार जुना आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये रंगाचं भांडं, म्हणजे रंगपात्र, घेऊन कपडे रंगवता येत. हा गेम द्विमितीय होता, त्यातली चित्रं कमी रंगांची होती, आणि तरीही त्याची रचना विचारपूर्वक केलेली होती. गेममधला प्रत्येक रंग म्हणजे एकच एक छटा नव्हती. काळोख्या टोकापासून उजळ टोकापर्यंत ३२ पायऱ्यांची एक माळ होती. मूळ चित्रातला बिंदू किती उजळ आहे ते पाहायचं आणि माळेतली त्या क्रमांकाची छटा तिथे ठेवायची. अशा ३००० माळांची जागा त्या फाइलमध्ये होती. यात गुणाकार नाही, त्यामुळे गडद होत जाण्याची सक्तीही नाही. काळ्याच्या माळेत उंचवट्यांसाठी निळसर राखाडी ठेवता येतो, पांढऱ्याच्या माळेत सावलीसाठी हलका जांभळट ठेवता येतो. चुण्या टिकतात आणि पाहणाऱ्याला रंग काळा किंवा पांढराच वाटतो. चित्रकार कागदावर काळं कापड असंच रंगवतो. शिवाय काही वस्तूंवर अशी खूण केलेली असे की त्यांच्यातले फक्त राखाडी बिंदू रंगवायचे आणि बाकीचे तसेच सोडायचे. म्हणजे एकाच चित्रात रंग घेणारा भाग आणि न घेणारा भाग वेगळा करण्याची सोयही तेव्हाच होती. धातूचं चिलखत तर साध्या रंगपात्रात बुडवताच येत नसे. त्याचा रंग खाणीतून कोणता धातू आणला यावर ठरे. व्हेराइटचं चिलखत हिरवट, व्हॅलोराइटचं निळसर. प्रत्येक पदार्थ रंग आपापल्या रीतीने घेतो ही जाण त्या गेमच्या नियमांतच मुरलेली होती. पुढच्या त्रिमितीय गेममध्ये ही जाण बरीचशी हरवली, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

काळ्या रंगाची कहाणी इथेच थोडी तपशिलात सांगितली पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तीच आहे. ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये काळा रंग देणारं रंगपात्र साध्या दुकानात मिळत नसे, पुढे ते जुन्या खेळाडूंना बक्षीस म्हणून मिळू लागलं. २००५ साली आलेल्या पहिल्या ‘गिल्ड वॉर्स’मध्ये रंगाच्या कुप्या होत्या, एका वेळी चार कुप्यांपर्यंत मिश्रण करता येई, आणि त्या सगळ्यांत महाग कुपी काळ्याची होती. ‘फायनल फँटसी १४’मध्ये ‘सूट ब्लॅक’ नावाचा साधा काळा आणि ‘स्नो व्हाइट’ नावाचा साधा पांढरा सहज मिळतो. तरी खेळाडूंची धाव असते ती ‘जेट ब्लॅक’ आणि ‘प्युअर व्हाइट’कडे, हे दोन रंग गेममधल्या बाजारात महाग जातात आणि कंपनीच्या दुकानात खऱ्या पैशांनाही विकले जातात. तीन वेगवेगळे गेम, तीन वेगवेगळ्या कंपन्या, आणि ओढ एकाच रंगाची. दुर्मिळ केला म्हणून महागला, हे अर्थातच एक कारण आहे. पण निर्मात्यांनी दुर्मिळ करायला नेमका काळाच का निवडावा? लोकांना तो हवा असतो हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. आणि तो का हवा असतो? मला याचं उत्तर असं दिसतं. खेळाडू अंगरखा एका संचातला, हातमोजे दुसऱ्यातले, बूट तिसऱ्यातले असे गोळा करतो. तिन्हींना एकच लाल दिला तर अंगरखा रक्तासारखा, हातमोजे विटकरी आणि बूट मरून दिसतात, कारण तिघांची मूळ चित्रं वेगवेगळी असतात. हा विसंवाद सर्वांत चांगला झाकतो तो अगदी गडद काळा. काळा सगळ्या फरकांना गिळून टाकतो. म्हणजे काळ्यासाठी मोजली जाणारी किंमत ही पुष्कळ अंशी जुळणीची किंमत आहे. लाल लालाशी जुळला असता, तर काळ्याची ही ओढ इतकी तीव्र राहिली नसती.

जुळवून दाखवण्याचं काम ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या ‘गिल्ड वॉर्स २’ने बऱ्याच प्रमाणात केलं. अरीनानेट या कंपनीने त्यात चारशेहून अधिक रंग ठेवले आणि जाहिरातीला हाच आकडा सोयीचा होता. खरी करामत मात्र त्या प्रत्येक रंगाच्या पोटात आहे. कंपनीने सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या माहितीत एखाद्या रंगाची नोंद उघडून पाहिली तर तिथे एक आकडा सापडत नाही. कापडासाठी वेगळी नोंद, चामड्यासाठी वेगळी, धातूसाठी वेगळी, आणि प्रत्येकीत उजळपणा, कॉन्ट्रास्ट, छटा, तीव्रता असे स्वतंत्र आकडे दिलेले असतात. म्हणजे ‘हा निळा’ कापडावर पडला तर किती उजळ करायचा, चामड्यावर किती दाबायचा, पोलादावर त्याची चमक किती राखायची हे कोणीतरी बसून ठरवलेलं आहे. धातूच्या बाबतीत याची गरज भौतिकशास्त्रातूनच येते. कापडावर पडलेला उजेड तंतूंत शिरतो, विखुरतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. धातूत तसं होत नाही; उजेड पृष्ठभागावरूनच परततो आणि सोन्याचा पिवळेपणा त्या परतणाऱ्या चमकेत असतो. आजची ग्राफिक्सची गणितं हा फरक पाळतात. तेव्हा कापडाचा रंग उचलून धातूवर तसाच टाकला, तर एक तर धातू रंगवलेल्या प्लास्टिकसारखा दिसतो किंवा चमक तशीच राहून रंगच हरवतो. हातमागावर रेशीम आणि जर एकाच रंगात बुडवून कोणी पैठणी करत नाही. रेशीम रंगतं, जर जरच राहते. गेममधल्या पोशाखालाही हाच न्याय लावायला हवा.

दुसरी सुधारणा जागेची. रंग किती, यापेक्षा ते कुठे कुठे देता येतात याला जास्त महत्त्व आहे. ‘फायनल फँटसी १४’मध्ये वर्षानुवर्षं प्रत्येक कपड्याला एकच रंग देता येई. कोटाची किनार, आतला सदरा, पट्टा यांपैकी कशाला तो रंग लागणार हे चित्रकाराने आधीच ठरवून ठेवलेलं. जुलै २०२४ मध्ये ‘डॉनट्रेल’ या विस्तारासोबत बऱ्याच कपड्यांना दुसऱ्या रंगाची जागा मिळाली. रंगपेटी होती तीच ठेवून केलेला हा बदल होता, आणि तरी त्या विस्तारातल्या ठळक नव्या गोष्टींत त्याची गणना झाली. गणितही त्याच बाजूने बोलतं: ८० रंग आणि एक जागा असेल तर एका कपड्याची ८० रूपं होतात, त्याच ८० रंगांना दोन जागा दिल्या की ६४०० होतात. पेटी दुप्पट केली असती तर १६०वर थांबलो असतो. ‘सिटी ऑफ हीरोज’नेही हा धडा दिला होता. तिथे पहिली पाच वर्षं सूट हवा तसा रंगवता येई, पण हातातून निघणारी आग, बर्फ, विजा यांचे रंग कंपनीने ठरवलेलेच राहत. जांभळ्या सूटमधल्या वीराच्या हातातून नारिंगी ज्वाळा निघत आणि बेत बिघडून जाई. सप्टेंबर २००९ मध्ये शक्तींचे रंगही बदलता येऊ लागले तेव्हा कुठे पात्राचा रंग पूर्ण झाला.

या जागा फुकट मिळत नाहीत, पण त्यांची खरी किंमत कशात आहे हे नीट पाहायला हवं. कोणत्या बिंदूला कोणता रंग लागेल हे सांगणारं एक जोडचित्र असतं, त्याला मास्क म्हणतात. अशा एका चित्रात लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता मिळून चार स्तर असतात. म्हणून चार जागांपर्यंत एकच मास्क पुरतो. ‘गिल्ड वॉर्स २’च्या कपड्यांना जास्तीत जास्त चारच रंग लागतात. नेटवर्कवर भार पडेल असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो आकड्यांपुढे टिकत नाही. डोक्यापासून पायापर्यंत सहा कपडे, प्रत्येकाला चार रंग, म्हणजे २४ रंग. प्रत्येक रंगाचा क्रमांक दोन बाइटमध्ये मावतो. एका खेळाडूचा सगळा रंगसाज ४८ बाइट, आणि समोरच्या शंभर जणांचा मिळून पाच हजार बाइटही भरत नाही. तोही हालचालीसारखा क्षणोक्षणी पाठवावा लागत नाही, खेळाडू नजरेच्या टप्प्यात आला की एकदा पाठवला की झालं. भार पडतो तो चित्रकारांवर. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गेममध्ये कपड्यांची संख्या हजारांत जाते आणि प्रत्येकाचा मास्क हाताने तपासून रंगवावा लागतो. किनार कुठे संपते, शिवण कोणत्या भागात धरायची, खांद्यावरचा बिल्ला रंगवायचा की नाही, हे संगणकावर सोपवता येत नाही. ‘फायनल फँटसी’च्या निर्मात्यांनी दुसऱ्या रंगाची जागा सगळ्या कपड्यांना एका दिवसात दिली नाही, टप्प्याटप्प्याने दिली. हाच रस्ता शहाणपणाचा आहे. कोणते कपडे सर्वाधिक अंगावर असतात हे कंपनीच्या सर्व्हरला रोज दिसत असतं. सुरुवात तिथून करावी.

आता सर्वांत मोठा आक्षेप. एवढा खटाटोप कशाला, खेळाडूला रंगांचं पूर्ण चक्र द्या आणि त्याचं त्याला ठरवू द्या, असं पुष्कळ जण म्हणतात. तीन घटकांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या तर १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग होतात. यापलीकडे स्वातंत्र्य ते काय? हे चक्र द्यायला माझा विरोध नाही. पण तेवढ्यावर थांबणाऱ्यांनी ते कसं बनलंय ते पाहावं. बहुतेक गेममधलं चक्र १९७८ साली अल्वी रे स्मिथ यांनी मांडलेल्या छटा, तीव्रता आणि उजळपणा या तीन मापांवर चालतं. हिशेबाला ती मापं सोयीची आहेत, डोळ्याला नाहीत. त्या चक्रात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांनाही उजळपणा शंभर टक्के असतो. प्रत्यक्षात नेहमीच्या स्क्रीनवर उजेडात निळ्याचा वाटा सुमारे ७ टक्के, तर लाल आणि हिरव्याने मिळून होणाऱ्या पिवळ्याचा सुमारे ९३ टक्के असतो. आकडा तोच दाखवणारे दोन रंग उजेडात १३ पटींच्या आसपास वेगळे. खेळाडू हातमोज्यांचा पिवळा जसा दिसतो तितकाच उजळ निळा सदऱ्याला शोधू लागला, की पट्टी कुठे सरकवायची हे त्याला उमजत नाही. जे सापडत नाही ते पेटीत आहे म्हणून काय उपयोग? यावर उपाय आहेत. १९७६ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेलं सीआयई लॅब आणि २०२० साली ब्यॉर्न ओटोसन यांनी मांडलेलं ओके लॅब ही मापं डोळ्याला जाणवणाऱ्या अंतरांवर बेतलेली आहेत. चक्र यांच्यावर उभं केलं तर छटा बदलताना उजळपणा जागचा हलत नाही. त्याच्या जोडीला तयार रंगांचे नाव असलेले चौकोन हवेतच, कारण नाव असलं की ते मित्राला सांगता येतं आणि संघातल्या वीस जणांना एकसारखा झगा करता येतो. आणि चक्र दिलं तरी कापड, चामडं, धातू यांची वेगळी गणितं टळत नाहीत. उलट वाढतात, कारण चारशे रंग हाताने जुळवता येतात, पावणेदोन कोटी येत नाहीत. त्यासाठी नियम लिहावे लागतात.

उजेडाचा प्रश्नही रंग निवडण्याच्या क्षणीच सोडवायला हवा. निवडीच्या पडद्यावर पात्र एका शांत, पांढऱ्या उजेडात उभं असतं. तिथून बाहेर पडून संध्याकाळच्या नारिंगी मैदानात किंवा हिरवट गुहेत गेलं की तोच पोशाख ओळखू येत नाही, कारण आसपासचा रंगीत उजेड प्रत्येक बिंदूला पुन्हा एकदा गुणतो आणि शेवटी सबंध चित्राचा उजेड स्क्रीनला मानवेल असा दाबला जातो. निवडीच्या पडद्यावर दुपार, संध्याकाळ, गुहा आणि गावातला कंदील अशी चार बटणं ठेवली, तर खेळाडूला आधीच अंदाज येतो. हे काम फार तर काही आठवड्यांचं आहे, आणि इतकी स्वस्त सुधारणा इतक्या कमी गेममध्ये का दिसते हे मला उमगलेलं नाही.

स्पर्धात्मक गेमचे निर्माते वेगळा मुद्दा मांडतात आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. समोरचा मित्र की शत्रू हे निमिषात कळलं पाहिजे. रंग मोकळे सोडले तर ते कळत नाही. २००७ च्या ‘टीम फोर्ट्रेस २’चा सगळा चित्रविचार यावर उभा होता, आणि तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या लोकांनी त्याच वर्षी एका निबंधात तो उलगडून सांगितला. आधी रंगावरून संघ ओळखायचा, मग बाह्याकृतीवरून पात्राचा प्रकार, मग छातीपाशी धरलेलं शस्त्र. म्हणून तिथे लाल आणि निळा हे संघांचे रंग राखीव आहेत. २०१० साली याच गेममध्ये टोप्यांसाठी रंगांचे डबे आले, पण ते टोप्या आणि तत्सम वस्तूंपुरते, अंगातल्या कपड्यांना नाहीत. आणि काही डबे असे की खेळाडू ज्या संघात असेल त्या संघाची छटा तेच धरतात. म्हणजे बंदी आणि मोकळीक यांच्या मध्ये पुरेशी वाट आहे. ‘गिल्ड वॉर्स २’ने आणखी सोपं केलं: शत्रूपक्षाचे खेळाडू ठरावीक साच्यात दाखवायचे की त्यांच्या खऱ्या पोशाखात, हे पाहणाऱ्याने आपल्या सेटिंगमध्ये ठरवावं. रंग अंगावर घालणाऱ्याचा राहतो आणि ओळख पाहणाऱ्याची. एक गोष्ट मात्र इथे राहून जाते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरातल्या सुमारे आठ जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. फक्त छटेवर ओळख सोपवणारा गेम त्यांच्यावर आधीच अन्याय करत असतो, मग पोशाख मोकळे असोत की बांधलेले. संघाची ओळख उजळपणातल्या फरकावर, कडेच्या रेषेवर किंवा चिन्हावर बेतली, तर त्यांचीही सोय होते आणि पोशाखाचे रंगही मोकळे होतात.

कलादिग्दर्शकांची भीती वेगळी असते. मध्ययुगीन गावात झगझगीत गुलाबी चिलखतं फिरू लागली की जगाचं वातावरण मोडतं, असं ते म्हणतात. यात तथ्य आहे, पण त्याचं औषध रंग कापून टाकण्यात नाही. प्रत्येक पदार्थाला वेगळं गणित दिलं की त्याच गणितात मर्यादाही घालता येते: लोकर अमुक इतकीच भडक रंगेल, पोलादाच्या रंगाची तीव्रता अमुकपलीकडे जाणार नाही. गुलाबी मिळेल, पण लोकरीचा गुलाबी मिळेल. खऱ्या जगातही रंगाला मर्यादा पदार्थच घालतो आणि ती कोणाला जाचत नाही. कायद्याची भीतीही असते, आणि तिला इतिहास आहे. खेळाडू मार्व्हल या कॉमिक्स कंपनीच्या वीरांच्या नकला बनवतात म्हणून त्या कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये ‘सिटी ऑफ हीरोज’च्या निर्मात्यांवर आणि प्रकाशकांवर खटला भरला, डिसेंबर २००५ मध्ये तडजोड झाली आणि पोशाख घडवण्याची सोय चालूच राहिली.

पैशाचा मुद्दा सर्वांत अवघड. रंग विकून कंपन्या चालतात, आणि सर्व्हर चालवायला पैसा लागतो हे नाकारून उपयोग नाही. प्रश्न एवढाच की पैसे कशाचे घ्यायचे. २०१७ साली ‘डेस्टिनी २’मध्ये ‘शेडर’ नावाचे रंगसंच एकदा वापरले की संपत, आणि चिलखताच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा लागत असे. खेळाडू भडकले; पुढे कंपनीने ते कायमचे केले. ‘गिल्ड वॉर्स २’मध्येही सुरुवातीला रंग एकेका पात्रापुरता उघडे, एप्रिल २०१४ पासून तो खात्यातल्या सगळ्या पात्रांसाठी उघडू लागला. रंगाची जुळणी करून पाहण्यातच मौज आणि शिकणं असतं. प्रत्येक प्रयत्नाला पैसे पडू लागले की माणूस प्रयत्नच सोडतो आणि ठरलेल्या काळ्यावर येऊन थांबतो. रंग मिळवायला किंमत असू द्यावी. तो लावून पाहायला, पुसायला, पुन्हा लावायला नसावी.

एक आक्षेप मात्र खुद्द खेळाडूंकडून येतो, आणि सुधारणा करू पाहणाऱ्याने तो सर्वांत आधी ऐकावा. रंग बसण्याचं गणितच बदललं, तर जे पोशाख लोकांनी जुन्या गणितावर जुळवून घेतले आहेत ते एका रात्रीत बदलतील. एखाद्याने तपकिरी चामड्यावरचा तो मळकट निळा मुद्दाम निवडलेला असतो. त्याला तोच हवा असतो. दहा वर्षं जपलेलं रूप अपडेटने पालटलं, तर सुधारणा त्याच्या दृष्टीने नासाडीच. याची तजवीज करता येते. प्रत्येक साठवलेल्या पोशाखासोबत तो कोणत्या गणितावर रंगवला आहे याची एका बाइटची खूण ठेवायची. जुनी खूण असेल तर जुनं गणित, नवी असेल तर नवं. पोशाख उघडला की दोन्ही रूपं शेजारी शेजारी दाखवायची आणि बदल खेळाडूने स्वतः स्वीकारला तरच करायचा. ग्राफिक्स कार्डला दोन गणितं सांभाळणं जड नाही. चित्रकारांना जुने मास्क काही वर्षं जपून ठेवावे लागतील, एवढाच त्याचा खर्च.